कुटाराखालचं इंजिन

छोटे, काल रात्री तू फोन ठेवलास आणि मी तुझा तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. चाळीस सह्या, आणि खाली लाल अक्षरांत मागणी: 'जुन्या लष्करी गाड्यांवरील सर्व जाचक नियम त्वरित रद्द करावेत.' सह्यांमध्ये आपल्या गल्लीतला किराणावालाही आहे. त्याला जीप आणि ट्रॅक्टर यांतला फरक फक्त हॉर्नवरून कळतो. मला हसू आलं, मग जरा भरूनही आलं. आबाजींच्या जीपसाठी भांडायला निघालेली आपल्या घरात तू एकटीच वं.

पण हा कागद पाठवू नकोस. रुसू नको, आधी ऐकून घे.

'सर्व', 'जाचक', 'त्वरित'. या तीन शब्दांनी कोणाचं काम झालेलं मी अजून पाहिलं नाही. शकुंतलेच्या वेळी मीही हेच तीन शब्द लिहिले होते. आपल्या मूर्तिजापूर स्टेशनातून एकीकडे यवतमाळला ११३ किलोमीटर आणि दुसरीकडे अचलपूरला ७६ किलोमीटर जाणारी ती छोट्या रुळांची गाडी. रूळ खासगी ब्रिटिश कंपनीचे आणि गाडी चालवणार भारतीय रेल्वे, असा अजब संसार. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत आपल्याच यार्डात धूर सोडत होतं. ती बंद पडायला लागली तेव्हा मी 'सर्व गाड्या त्वरित सुरू कराव्यात' असं निवेदन लिहून गावभर सह्या घेत फिरले. तीन महिन्यांनी एका कार्यालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं: निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवलं आहे. पुढे म्हणजे कुठे, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवशी एक गोष्ट कळली. आपण सगळंच मागतो तेव्हा समोरच्याला काहीच द्यावं लागत नाही.

म्हणून आधी हे नियम नेमके काय म्हणतात ते पाहू. तू त्यांना 'बंदी' म्हणतेस. बंदी नाहीये. एक चौकट आहे आणि आपली जीप तिच्या बाहेर राहिली आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि 'विंटेज' गाडी म्हणजे काय ते पहिल्यांदा लिहून काढलं. त्याच वर्षी जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण येत होतं, त्यामुळे छंदवाल्यांच्या पोटात गोळा आला होता. मसुदा २०२० च्या नोव्हेंबरातच निघाला होता आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या होत्या. त्यातून आलेला नियम तसा वाईट नाही. ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपात राखलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या खेपेला ५,०००. नव्या नोंदणीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. बदल्यात ती रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, तेल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

आता तुला एक प्रश्न विचारते आणि उत्तर खरं दे. तुला ती जीप मिरवायची आहे की लाखपुरीच्या यात्रेला आणि शेतात न्यायची आहे? दोन्ही एकदम नाही जमणार. विंटेज म्हणून नोंदवलीस की तिच्यात तुरीचं पोतं टाकून घरी आणायचं सुख संपलं. साधी नोंदणी ठेवलीस तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि गाडीची तपासणी. त्याची फी कुठल्या कुठे गेली पाह्य. १५ वर्षांवरच्या कारला पूर्वी ६०० रुपये लागायचे. एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० केले. आधी घरात ठरव, मग सरकारला विचार.

आणि आता खरी मेख. नियमात ५० वर्षं मोजायची कुठून, तर 'पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून'. मारुती, फियाट, ॲम्बेसेडर यांना यात काही अडचण नाही. शोरूममधून निघाली, नोंदली, घड्याळ सुरू. पण आपली जीप कुठून निघाली? १९६८ ला कारखान्यातून थेट फौजेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कराच्या गाड्यांची नोंद वेगळीच होते, आपल्या आर.टी.ओ.त नाही. म्हणून तर त्यांच्या पाटीवर तो वर टोक केलेला बाण असतो आणि मग सालाचे आकडे. पंधरा वर्षं तिने फौजेची चाकरी केली. १९८३ मध्ये आबाजींनी ती हर्रासात घेतली आणि त्या वर्षी तिची मुलकी नोंदणी झाली. मग हिचा जन्म कोणता धरायचा, १९६८ की १९८३? एखादा अधिकारी म्हणेल, कंपनीने सैन्याला दिली तीच पहिली विक्री. दुसरा म्हणेल, छे, आमच्या दप्तरात १९८३ आहे. पहिल्याच्या हिशेबाने ती २०१८ मध्येच विंटेज झाली, दुसऱ्याच्या हिशेबाने २०३३ पर्यंत ती नुसती जुनी गाडी. जुनी गाडी आणि वारसा यांच्यामध्ये उभं आहे फक्त एक वाक्य, छोटे. तुझी मागणी तेवढीच असायला हवी: 'सैन्याने विकलेल्या गाडीचं वय तिच्या लष्करी नोंदणीपासून मोजावं.' ना कोणाचा महसूल बुडतो, ना कोणाची सुरक्षा. असं वाक्य असलं की टेबलापलीकडच्या माणसाला 'हो' म्हणणं सोपं जातं.

दिल्लीत काय झालं आठवतं? १ जुलै २०२५ पासून तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर तेल देणं बंद केलं. लोक खवळले. दोन-तीन दिवसांत दिल्ली सरकारनेच हवेची गुणवत्ता पाहणाऱ्या आयोगाला पत्र लिहून ते थांबवायला सांगितलं. त्या पत्रात 'लोकांना आपल्या गाड्या फार आवडतात' हे कारण नव्हतं. नंबर वाचणारे कॅमेरे नीट चालत नाहीत आणि शेजारच्या राज्यांत हा नियम लागू नाही, ही कारणं होती. माया आपल्या घरात ठेवायची, कागदावर कारण लिहायचं. पुढचंही ऐक. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने नुसतं वय झालं म्हणून मालकांवर कारवाई नको, असं तात्पुरतं सांगितलं. डिसेंबरात ती सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच उरली. म्हणजे सरसकट दिलाशाची छत्री मिटायला लागली तेव्हा पहिल्या भिजल्या त्या सगळ्यांत जुन्या गाड्या. म्हणून सांगते, आपल्यासाठी वेगळं वाक्य मागून घेतलेलं बरं.

अमेरिकेतही असंच झालं होतं. २००१ मध्ये तिथल्या संरक्षण विधेयकात एक कलम घुसलं. सैन्याने कधीकाळी विकलेली लढाऊ सामग्री, आज कोणाच्याही मालकीची असो, सरकारला निकामी करता यावी असं ते होतं. रविवारी जीप पुसणारे निवृत्त सैनिक, छोटी संग्रहालयं, दुसऱ्या महायुद्धातले ट्रक जपणारे शेतकरी, सगळ्यांनी आपापल्या सिनेटरला पत्रं लिहिली. विधेयक रद्द करा असं कोणी म्हटलं नाही, ते एक कलम काढा म्हणाले. अखेरच्या मसुद्यात ते राहिलं नाही.

पण छोटे, समोरच्याचं भयही समजून घे, नाहीतर आपण हट्टी पोरींसारख्या दिसतो. २०१५ मध्ये जर्मनीत कील शहराजवळच्या एका घराच्या तळघरात दुसऱ्या महायुद्धातला अख्खा पँथर रणगाडा निघाला. पंचेचाळीस टनांच्या आसपास वजन, जोडीला विमानविरोधी तोफ आणि टॉर्पेडो. बाहेर काढायला सैन्य बोलवावं लागलं. २०२१ मध्ये कोर्टाने त्या मालकाला चौदा महिन्यांची निलंबित शिक्षा दिली आणि अडीच लाख युरो भरायला लावले. असं काही वाचल्यावर कोणता अधिकारी 'लष्करी वाहन' या शब्दाला दचकणार नाही? म्हणून तुझ्या कागदावर 'लष्करी वाहने' असं मोघम लिहू नको. 'शस्त्र नसलेली, चिलखत नसलेली, हर्रासात रीतसर विकलेली जीप' असं लिही. रणगाड्यांचं घर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये आहे आणि ते तिथेच शोभतात. तू दहावीत असताना आपण तिथे गेलो होतो, आठवतं? तू रोल्स-रॉइसच्या त्या जुन्या चिलखती मोटारीसमोर अर्धा तास हलली नव्हतीस. मी तेव्हाच ओळखलं, ही पोरगी हाताबाहेर जाणार.

आता रंगाचं. जीपला पुन्हा ऑलिव्ह हिरवा मारायचा तुझा हट्ट मला माहीत आहे. नियम १२१ म्हणतो, संरक्षण खात्याच्या गाडीशिवाय कोणत्याही गाडीला तो रंग द्यायचा नाही. तुला हा सगळ्यांत मोठा अन्याय वाटतो, कारण गाडी मूळची हिरवीच. मलाही टोचतं. पण फौजी रंगाची खोटी गाडी छावणीच्या दारात गेली तर काय होऊ शकतं, हे कारण खोटं नाही. मी स्वतः एका २६ जानेवारीला ती हिरवी रंगवून मिरवणुकीत नेली होती. रस्त्यात अडवलं, दीड तास उन्हात उभं केलं, आणि अडवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आल्यावर तिला मातकट पिवळा मारला. तोच रंग अजून आहे. तुझ्या निवेदनातून रंगाचं कलम काढ. दोन भांडणं एकाच कागदावर आली की हलकं भांडण भारी भांडणाला घेऊन बुडतं. ट्रकांचंही तसंच. विंटेजच्या व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी चारचाकीच बसतात. शक्तिमान, निसान वन टन हे फौजेचे ट्रक त्यात नाहीतच. हा अन्यायच आहे. पण ज्यांच्या दारात ट्रक उभे आहेत त्यांना लिहू दे. तू सही कर, पुढे होऊ नको.

आता जवळ ये. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं.

त्या जीपमध्ये आत्ता जे इंजिन आहे, ते तिचं नाही.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, २००५. तू शाळेत होतीस. कापूस जिनिंगपर्यंत न्यायचा, मजूर आणायचे, आईला अकोल्याला दवाखान्यात न्यायचं, सगळं त्या जीपवर. ते जुनं २२०० सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे पांढरा हत्ती. तुला माहीत आहे ना, या मॉडेलचं बोनेट इतकं उंच कामून असतं? ते इंजिन आधीच्या विलिसपेक्षा उंच होतं आणि जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेटच वर उचललं. आबाजी त्या बोनेटवर चहाचा कप ठेवायचे. मी मिस्त्रीला बोलावलं आणि त्यात एक सेकंडहँड डिझेल इंजिन बसवून घेतलं. वऱ्हाडातल्या कित्येक जीपांचं असंच झालं. परवडत नव्हतं म्हणून केलं, त्याची लाज नाही. लाज याची की मी ते आर.सी.वर चढवलं नाही. कायद्याप्रमाणे असा बदल परवानगी घेऊन, नोंदवून करायचा असतो. मी म्हटलं, पाहू पुढच्या वर्षी. २००८ मध्ये नोंदणीची मुदत संपली आणि नूतनीकरणाला न्यायची छातीच झाली नाही. इंजिन नंबर जुळणार नव्हता. तेव्हापासून ती कोठ्यात उभी आहे आणि सगळ्यांना मी सांगत आले, 'नियम फार कडक झाले हो.' नियम कडक झाले हे खरं. पण आपली जीप मी अडकवली, छोटे. नियमांनी नंतर फक्त कुलूप लावलं.

तुझ्या निवेदनावर माझी पहिली सही आहे. उद्या कोणी विचारलं, 'बाई, तुमची गाडी दाखवा', तर मी कुठे पाहू? मागणाऱ्याचे हात आधी स्वच्छ लागतात. विंटेजच्या नियमात चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेली गाडी बसत नाही, हे वाक्य वाचलं तेव्हा मला वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय.

पण ते जुनं इंजिन मी विकलं नाही. भंगारवाला तीनदा येऊन गेला. कोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात, तुरीच्या कुटाराखाली, ग्रीस लावून पोत्यात गुंडाळून ठेवलंय. आबाजींनी १९८३ मध्ये आणलेलं लष्कराचं विक्री प्रमाणपत्रही आहे, आईच्या ट्रंकेत तिच्या शालूखाली. आजच्या नियमांतही फौजेकडून घेतलेल्या गाडीला मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २१ म्हणतात त्याला. आपला कागद जुन्या कायद्याच्या काळातला आहे. शाई उडत चालली आहे, पण चासी नंबर वाचता येतो. त्याची आजच झेरॉक्स काढ, रंगीत, दोन प्रती.

मग असं करू. आधी मिस्त्री. मूळ इंजिन पुन्हा बसवायचं, नंबर जुळवायचे. मग अकोल्याला आर.टी.ओ.त जाऊन खरं काय ते सांगायचं, उशिराचा दंड पडेल तो भरायचा. माझ्या पदरचा, कारण चूक माझी. तोवर जीप रस्त्यावर आणायची नाही, वीस मीटरसुद्धा नाही. इन्स्टाग्रामवर टाकायला हायवेवर न्यायचा मोह होईल. आपला अमरावती-अकोला हायवेचा पट्टा २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात गेला म्हणून आपल्या जीपला काही सूट नाही.

मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोनच प्रश्न: महाराष्ट्रात २०२१ पासून विंटेज म्हणून किती गाड्या नोंदल्या, आणि त्यात सैन्याकडून आलेल्या किती. दुसऱ्याचं उत्तर 'शून्य' किंवा 'अशी माहिती संकलित नाही' आलं, तर तोच आपला सगळ्यांत मोठा पुरावा.

आणि मग निवेदन. एका पानाचं, मराठीत आणि इंग्रजीत. सह्या चाळीस नकोत, सात पुरे, पण सातही जणांच्या दारात फौजेतून आलेली गाडी आणि हातात कागद हवेत. एक प्रत केंद्रीय परिवहन मंत्रालयाला. मंत्री नागपूरचे आहेत, पण ओळख काढत बसू नकोस. ओळखीने चहा मिळतो, राजपत्रातली ओळ बदलत नाही. दुसरी प्रत आपल्या अकोल्याच्या खासदारांना, सोबत तयार प्रश्न जोडून, म्हणजे त्यांना लोकसभेत विचारायला सोपं जाईल. आणि मुंबई-पुण्याच्या विंटेज क्लबांना तिसरी. त्यांच्याकडे रोल्स-रॉइस आहेत, आपल्याकडे जीप. पण राजपत्र वाचायची सवय त्यांना आहे, ती आपल्याला उधार हवी.

नियम बदलायचा मसुदा जेव्हा पुन्हा निघेल, तेव्हा हरकतींची मुदत असेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ ने ते बंधन घातलंय, आधी जाहीर करून मगच नियम करायचा. ती मुदत चुकवायची नाही. आपल्याकडे मिरगाआधी बियाणं घरात येऊन पडतं ना, तसं हे पान लिहून तयार ठेवायचं.

घाई का करायची तेही सांगते. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही, त्या रीतसर भंगार केंद्रात जातात. चिलखती आणि खास कामाच्या लष्करी गाड्या त्यातून वगळल्या आहेत. पण साध्या जीपचं काय होईल हा घोर छंदवाल्यांना लागलाय, आणि तो खोटा नाही. आबाजींसारखं हर्रासात बोली लावून जीप घेऊन येणारा माणूस आता पुन्हा होईल का, सांगता येत नाही. ज्या जीपा आहेत त्याच मोजक्या. शकुंतलेचे डबे यार्डात गवतात बुडताना आपण पाहिलेत. आपल्या कोठ्यात तसं होऊ द्यायचं नाही.

रविवारी ये. रोडगे करते, वांग्याची भाजी करते. जुने कपडे घालून ये, कारण आधी कुटार उपसावं लागेल. पोतं सोडलं की ग्रीस पुसून पहिलं काम एकच: बॅटरीच्या उजेडात इंजिन नंबर वाचायचा आणि आबाजींच्या कागदाशी ताडून पाहायचा. एकेक आकडा तू मोठ्याने वाच, मी कागदावर बोट ठेवते. जुळला, की मग ती चाळीस सह्यांची पानं चुलीत घालू आणि एका ओळीचं निवेदन लिहायला बसू.